काखेतल्या गाठी काढल्यावर वजन उचलणं, पळणं आणि गरबा : कधी आणि कसं

तुमच्या पत्रातली तीन वाक्यं आधी समोर ठेवते. नणंद म्हणतात, त्या हातानं आता जन्मभर बादलीसुद्धा उचलायची नाही. जिममधला ट्रेनर म्हणतो, आंटी, जिथं सोडलं होतं तिथूनच परत धरू. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. या तिघांत सगळ्यात बरोबर डॉक्टरांचं, पण ते अर्धंच आहे. बाहेर चाळीस माणसं ताटकळत असताना ओपीडीत कोणी याहून जास्त सांगू शकत नाही. उरलेलं अर्धं सांगायचं काम आम्हा फिजिओथेरपिस्टचं, आणि ते आम्ही फार वर्षं नीट केलेलं नाही. त्याबद्दल पुढे सांगतेच.

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. वय 52. स्तनाच्या कॅन्सरसाठी डावा स्तन पूर्ण काढला, पुनर्रचना केली नाही. काखेतल्या 17 गाठी, म्हणजे लसीकाग्रंथी, काढल्या, त्यातल्या 2 मध्ये आजार निघाला. 8 केमो झाल्या, पहिल्या 4 लाल औषधाच्या आणि नंतरच्या 4 पॅक्लिटॅक्सेलच्या. मग रेडिएशनचे 15 शेक, ते फेब्रुवारीत संपले. आता रोज लेट्रोझोलची गोळी. आजारापूर्वी तुम्ही आठवड्यातून तीनदा पळत होतात, रविवारी कमाटीबागेपासून निघून 10 किलोमीटर. जिममध्ये 50 किलोची डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं, नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरबा आणि चैत्रात पावागडचा डोंगर पायी. हे सगळं परत मिळेल का, आणि कधी, एवढंच तुम्हाला हवंय.

बहुतेक सगळं मिळेल. कधी, ते मात्र तारखेनं सांगता येत नाही. खांदा, हृदय, हाडं आणि पायाचे तळवे बघून ठरवावं लागतं.

मी बडोद्यात 24 वर्षं हे काम करतेय. पहिली सहा-सात वर्षं मी स्वतः बायकांना कागदावर लिहून द्यायचे की त्या हातानं 2 किलोच्या वर काहीही उचलायचं नाही. कॉलेजात तसंच शिकवलं होतं. माझ्या एक पेशंट होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. शिस्त अशी की तो कागद त्यांनी देवघराशेजारी भिंतीला चिकटवला होता. दोन वर्षांनी परत आल्या तेव्हा दंड बारीक झालेला, हात वर कानापर्यंत जात नव्हता, आणि कोपराखाली हात टम्म सुजलेला. सून बाळंतपणाला माहेरी गेली, पाण्याची मोटर बिघडली, आणि आठवडाभर घरचं पाणी त्यांनी एकटीनं भरलं. दोन वर्षं काही न उचललेल्या हातानं रोज वीस-पंचवीस बादल्या. मी तेव्हा त्यांनाच बोलले, एवढं सांगूनही कशाला उचललंत म्हणून. त्यांनी माझं तंतोतंत ऐकलं होतं म्हणूनच हात एवढा दुबळा झाला होता, हे मला कळायला आणखी बरीच वर्षं गेली.

हाताला सूज का येते ते एकदा समजून घ्या, मग पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. रक्त ढकलायला हृदय आहे. पेशींच्या मधून झिरपणारं पाणी, म्हणजे लसीका, परत आणायला तसा मोठा पंप नाही. तिच्या वाहिन्या स्वतः थोड्या आवळतात, पण बरंचसं काम आजूबाजूचे स्नायू आणि श्वास करतात. काखेतल्या गाठी हे त्या वाटेवरचं मोठं नाकं. तुमच्याकडे ते नाकं काढलंय, त्यावर शेकही झालेत, तेव्हा पाणी आता आडवाटांनी जातं. आपल्याला विश्वामित्री नदीचं उदाहरण पुरे. रोजचा पाऊस ती मुकाट वाहून नेते. वरून धो धो कोसळलं, आजव्याच्या धरणाचंही पाणी सुटलं, की 2019 ला आणि 2024 ला काय झालं ते आपण घरात पाणी शिरलेलं असताना पाहिलंय. हाताचंही तसंच. वजन हे कारण नसतं, सवय नसताना एकदम आलेलं वजन हे कारण असतं. स्नायूंना अनोळखी ताण पडला की तिथं दाह होतो, दाहाबरोबर पाणी वाढतं, आणि आडवाटा तेवढं वाहून नेऊ शकत नाहीत.

आता याच हिशोबाची दुसरी बाजू बघा. भरलेली मोठी बादली 15 किलोची. तुमचा हात जास्तीत जास्त 17 किलो उचलू शकत असेल तर प्रत्येक बादली म्हणजे त्याची परीक्षा. तोच हात 30 किलो उचलायला तयार झालेला असेल तर बादली म्हणजे किरकोळ काम. म्हणून हात जपायचा असेल तर तो बळकट करावा लागतो. नणंदबाईंना हे जरूर सांगा, आणि हेही विचारा की जन्मभर बादली उचलायची नाही तर घरात ती कोण उचलणार. मी आजवर पाहिलेल्या घरांमध्ये ‘जपून हं’ म्हणणारे भरपूर असतात, पण गॅसचा सिलिंडर, गादी, ओल्या चादरी आणि नातू हे तिच्याच वाट्याला येतात. सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, टाकीसकट तो 30 किलोच्या आसपास जातो. जिमला बंदी आणि सिलिंडरला मुभा, ही काळजी मला कधी कळली नाही.

हे नुसतं माझं मत नाही. 1996 साली कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेंझी या क्रीडावैद्यक डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर आलेल्या 24 बायकांना लांबलचक ड्रॅगन बोटी वल्हवायला बसवलं. वल्हवणं म्हणजे हाताचं जोराचं, पुन्हा पुन्हा तेच काम, नेमकं ज्याला तेव्हा सगळे नको म्हणत होते. सुजीची लाट येईल अशी भीती होती, ती आली नाही. पुढे अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी नीट चाचण्या केल्या. 2009 मध्ये छापलेल्या चाचणीत आधीच हात सुजलेल्या 141 बायका होत्या. त्यांतल्या निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. त्यांची सूज वाढली तर नाहीच, उलट सूज भडकण्याचे प्रसंग त्यांच्यात 14 टक्के, आणि वजन न उचलणाऱ्यांत 29 टक्के. 2010 च्या दुसऱ्या चाचणीत सूज नसलेल्या 154 बायका होत्या. त्यांपैकी ज्यांच्या 5 किंवा जास्त गाठी काढल्या होत्या, म्हणजे तुमच्यासारख्या, त्यांच्यात वजन उचलणाऱ्यांपैकी 7 टक्क्यांना सूज आली आणि न उचलणाऱ्यांपैकी 22 टक्क्यांना. हे आकडे वाचले त्या दिवशी देवघराशेजारचा तो कागद मला आठवला.

पण तुमच्या ट्रेनरला एवढंच ऐकवलंत तर तो टाळ्या वाजवून 20 किलोची दांडी हातात देईल. त्या चाचण्यांमध्ये सुरुवात जवळजवळ शून्य वजनानं झाली होती, पहिले तीन महिने शिकलेल्या प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर व्यायाम झाला होता, आणि हाताचं वजन वाढवलं ते सगळ्यात लहान पायरीनं, हाताला काही फरक नाही याची खात्री झाल्यावर. वरची मर्यादा मात्र कुणालाच घातली नव्हती. पाया शून्य, छत नाही. ट्रेनरला पाया ऐकवा, नणंदेला छत.

सुरुवात करण्याआधी काय बघायचं ते आता सांगते, आणि इथं मी जरा कडक आहे.

पहिलं हृदय. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं. बहुतेकींना करत नाही, पण झाली तर ती लगेच दिसेलच असं नाही. तुमचे शेक डाव्या बाजूचे, म्हणजे हृदयाच्या अंगाचे. वर्षभराची ट्रॅस्टुझुमॅबची इंजेक्शनं (स्तनाच्या काही प्रकारच्या कॅन्सरला देतात, तीही हृदयाला त्रास देऊ शकतात) चालू आहेत का ते तुम्ही लिहिलं नाही. चालू असतील तर दर तीन महिन्यांनी इको होतच असेल. नसतील तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा, ‘मला पळायचंय आणि वजनं उचलायचीत, त्याआधी इको आणि ईसीजी करायचा का?’ नुसतं ‘व्यायाम करू का’ असं विचारलंत तर ‘करा की’ हेच उत्तर येणार, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर बागेतली चक्कर असते. रक्तातलं हिमोग्लोबिनही याच खेपेला बघून घ्या. ते 8 च्या खाली असेल तर जोराचा व्यायाम नाहीच. 10 च्या आत असेल तर चालणं चालू ठेवा आणि पळण्याची घाई करू नका.

दुसरी हाडं. लेट्रोझोल शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ पुसून टाकते. तेच तिचं काम आहे, पण हाडांना ते महागात पडतं. हाडांची घनता मोजणारं डेक्सा स्कॅन झालं नसेल तर करून घ्या. हाडं थोडी विरळ असतील तर वजनाचा व्यायाम हवाच, तो हाडांचं खाद्य आहे. फार विरळ असतील तर पाठ वाकवून खालून वजन उचलणं, जोरात पिळे मारणं, उड्या, हे सोडावं लागेल. आणि हाडांमध्ये आजार पोचलेला असेल तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवून आधी कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलायचं. तुमच्या बाबतीत तसं नाही हे मला दिसतंय, पण हे तुमच्या मैत्रिणीही वाचतील म्हणून लिहून ठेवते.

तिसरा खांदा, आणि यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. जमिनीवर चटई घालून पाठीवर झोपा, दोन्ही हात सरळ डोक्यामागे न्या. दोन्ही मनगटं जमिनीला टेकतात का? डावं चार बोटं वर राहत असेल तर अजून वजनाची वेळ आलेली नाही. मागं हात नेऊन हूक लावता येतो का, वेणी घालता येते का, फडताळाच्या वरच्या कप्प्यातला डबा काढता येतो का, याही परीक्षाच. आखडलेल्या खांद्यावर वजन टाकलं तर काम खांदा करत नाही, मान करते, आणि मग बायका ‘व्यायामानं मान धरली’ म्हणून सगळंच सोडून देतात. हात वर नेताना काखेतून कोपराकडे त्वचेखाली तारेसारखी ताठ दोरी दिसते किंवा बोटाला लागते का तेही बघा. ती दिसली तर घाबरू नका, शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच जणींना होते आणि हळूहळू ताणत गेलं की जाते. तिच्यावर दणकट मालिश मात्र नको. जुम्मादादा व्यायाम मंदिराचं आणि प्रोफेसर माणिकरावांचं हे गाव, इथं प्रत्येक घरात एक मालिश जाणणारा काका असतो. त्यांचा मान राखून सांगते, शेक घेतलेल्या छातीला आणि काखेला काकांचा अंगठा लागू देऊ नका.

शेकाचं आणखी एक. कातडी वरून बरी झाली तरी आतले धागे पुढे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं आखडत राहतात. म्हणून छाती उघडणारे ताण रोज, अगदी पळायला लागल्यावरही, दात घासण्यासारखे चालू ठेवायचे. दाराच्या चौकटीला हात टेकवून छाती पुढं, वीस-तीस सेकंद, तीन वेळा. एवढं पुरतं, पण ते सुटत नाही ना हे बघा.

चौथे पाय. पॅक्लिटॅक्सेलनं तळव्यांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. डोळे उघडे ठेवून एका पायावर 20 सेकंद उभं राहता येत नसेल तर पळण्याआधी आठ-दहा दिवस हेच करा, ओट्याला एक हात धरून. अंघोळीनंतर तळवे रोज बघायचे. खडा टोचलेला कळत नाही, हा खरा धोका.

हे चारही ठीक निघाले असं धरून पुढे जाऊ.

वजनांसाठी आठवड्यात दोन दिवस, मध्ये निदान दोन दिवसांची सुट्टी. पायांना गाठींचा काही प्रश्न नाही, तेव्हा लेग प्रेस, खुर्चीवरून उठबस, पायरी चढउतार, हे तुम्ही आजारापूर्वीच्या साधारण निम्म्या वजनानं सुरू करू शकता. हातांसाठी अर्धा किलो. हो, अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली. तुम्हाला हसू येईल, कारण एके काळी तुम्ही 50 किलो उचलत होतात. हसा, पण बाटलीच उचला. आडवं ढकलणं, आडवं ओढणं, वर नेणं, कोपर वाकवणं, प्रत्येकी दहा-बारा वेळा, सुरुवातीला एकच फेरी. दोन्ही हातांना सारखंच वजन, उजव्याला जास्त देण्याचा मोह टाळा. दोन खेपांनंतर हाताला जडपणा नाही, ताठरपणा नाही, अंगठी किंवा बांगडी रुतत नाही, तर पुढची सगळ्यात लहान पायरी, म्हणजे अर्धा किलो आणखी. मग दुसरी फेरी जोडा, मग तिसरी. असं गेलात तर तीन महिन्यांत बहुतेक जणी 4–5 किलोचे डंबेल सहज हाताळताना मी पाहते. उचलताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. जिममध्ये आरशासमोर गाल फुगवून श्वास रोखणाऱ्या पोरांकडे बघून शिकू नका.

डेडलिफ्टबद्दल वेगळं सांगते, कारण तिथं हुशार बायकाही फसतात. तो पायांचा आणि कमरेचा व्यायाम, तेव्हा ‘पायांना चालतं तर डेडलिफ्टही चालेल’ असं वाटतं. पण ते अख्खं वजन पंज्यातून, कोपरातून, काखेतून लोंबत असतं, आणि मूठ घट्ट आवळलेली असते. म्हणून डेडलिफ्टचं वजन पायाच्या ताकदीवर ठरवायचं नाही, डाव्या हाताच्या प्रगतीवर ठरवायचं. पाठीला वळण लागावं म्हणून हातात काठी घेऊन करा, मग दोन हातांत दोन-दोन किलो, मग तसंच पुढे. 50 पर्यंत पोचायला वर्ष लागलं तर ते वेळेवर पोचणं आहे.

एक नियम बायका हमखास मोडतात. मध्ये एक आठवडा खंड पडला, ताप आला, गावाला गेलात, लग्नकार्य निघालं, की परत आल्यावर दोन-तीन पायऱ्या खाली उतरून सुरू करायचं. सोडलं तिथून नाही. स्नायूची सवय सुटते तशी आडवाटांचीही सुटते.

हात मोजायची सवय लावून घ्या. शिंप्याची टेप घ्या, रविवारी सकाळी चहाच्या आधी मोजा. मनगटाच्या हाडापासून वर 10, 20, 30 आणि 40 सेंटिमीटरवर पेनानं बारीक खूण, आणि तिथं दोन्ही हातांचा घेर वहीत लिहायचा. उजव्या हाताच्या माणसाचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. दोन्हीतला फरक आधीपेक्षा वाढतोय का ते बघायचं. एखाद्या जागी तो 2 सेंटिमीटरपर्यंत गेला, किंवा फरक कमी असूनही हात सतत भरल्यासारखा वाटला, तर वजनं थांबवून सूज बघणाऱ्या फिजिओकडे जा, सहा महिने वाट बघू नका. वेळ मात्र ठरलेली हवी. मे महिन्यात बेचाळीस अंशांत संध्याकाळी मोजलेला हात आणि डिसेंबरातल्या सकाळचा हात यांची तुलना करून माझ्याकडे रडत आलेल्या बायका आहेत.

दाबाच्या स्लीव्हबद्दल, म्हणजे हातावर चढवायच्या घट्ट बाहीबद्दल, तुम्ही विचारलंय. सूज नसेल तर व्यायामाला स्लीव्ह सक्तीची नाही. सूज असेल तर व्यायामाच्या वेळी ती हवी, आणि मापानं घेतलेली हवी. दुकानातून अंदाजानं आणलेली, कोपरात रुतणारी स्लीव्ह नसलेली बरी. भीतीचंही प्रमाण सांगते. सगळ्या गाठी साफ केलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकीला कधी ना कधी सूज येते, फक्त सेंटिनल, म्हणजे आजार सगळ्यात आधी पोचू शकतो ती, गाठ काढलेल्यांपैकी अठरा-वीसांतल्या एकीला. म्हणजे तुम्हाला ती न येण्याची शक्यताच जास्त. अंगाचं वजन वाढू देणं आणि हाताला जंतुसंसर्ग होऊ देणं, या दोन गोष्टी ती शक्यता खरोखर बिघडवतात. म्हणून जिममध्ये सुती हातमोजे घाला, भाजलं-कापलं तर त्याच दिवशी धुऊन औषध लावा, नखांच्या कडा कुरतडू नका.

आता पळणं. त्यात हाताची काळजी कमी, दमाची जास्त. शेकानंतरचा थकवा हा झोपून जाणारा थकवा नाही, झोपल्यानं तो वाढतो. माझी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची. व्यायामानंतर संध्याकाळी दमलात तर हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा ठेवायला जीवावर आलं तर काल जास्त झालं होतं. आधी तीन आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास झपाझप चालणं. ते अंगवळणी पडलं की एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दर आठवड्याला पळणं अर्ध्या मिनिटानं वाढवा. मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर फार विसंबू नका. केमोनंतर बऱ्याच जणींचे ठोके बसल्या जागीही वाढलेले असतात, आणि घड्याळ वयाच्या सूत्रानं तुम्हाला घाबरवत राहतं. बोलता येतंय का ते बघा. पळताना पूर्ण वाक्य बोलता येतंय तर वेग बरोबर. सुरुवातीच्या दोन महिन्यांत त्याच्या पुढं जायचं नाही. नंतर आठवड्यातून एकदा दोन-दोन शब्दांवर येईल एवढा वेग घ्या, पण तो इको नीट आल्यावरच.

सिलिकॉनचा जड कृत्रिम स्तन घालून पळू नका. घामानं व्रणाखालची त्वचा सोलवटते आणि एका बाजूचा धक्का मानेला बसतो. पळण्यासाठी हलका, कापसाचा किंवा फोमचा मिळतो. आणि उन्हाळ्यात साडेपाचला घराबाहेर पडायचं. सात वाजता बडोद्यात पळण्यासारखं काही उरत नाही.

सकाळी बोटं आखडणं, गुडघे-टाचा दुखणं, ही तुमची तक्रार लेट्रोझोलची आहे, म्हातारपणाची नाही. अशाच गोळ्या घेणाऱ्या 121 बायकांची एक चाचणी अमेरिकेत झाली. वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं आणि अडीच तास चालण्यासारखा व्यायाम केलेल्यांची सांधेदुखी साधारण 30 टक्क्यांनी कमी झाली. तेव्हा सांधे दुखतात म्हणून व्यायाम बंद करू नका आणि सांधे दुखतात म्हणून मनानं गोळी तर मुळीच बंद करू नका. दुसरी चूक पहिलीपेक्षा फार मोठी.

व्हॉट्सॲपवर फिरणारं ‘व्यायाम करा, कॅन्सर परत येणार नाही’ हेही तुम्ही पाठवलंय. 2025 मध्ये एक मोठी चाचणी छापून आली, 889 रुग्णांची, तीन वर्षं देखरेखीखालच्या व्यायामाची, आणि त्यात आजार परतण्याचं प्रमाण खरोखर कमी निघालं. पण ते रुग्ण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे होते. त्यामुळे तो आकडा मी तुमच्या हाती देणार नाही. कुणाचा आजार परत आला की तिला घरचेच विचारतात, ‘व्यायाम नव्हतीस ना करत?’ हे मी ऐकलंय, आणि त्यात मला भर घालायची नाही.

राहिला गरबा. नवरात्राला साडेतीन महिने आहेत, तेव्हा यंदा गरबा होईल, पण नऊ रात्री नाही. बाहेरगावच्यांना गरबा म्हणजे नाच वाटतो. आपल्याला माहीत आहे की दोन-अडीच तास गोल फिरत, वाकत, हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या देणं हा भरगच्च व्यायाम आहे, तोही लागोपाठ. हाताला सवय नसताना एकदम येणारं वजन म्हणतात ते हेच. सप्टेंबरपासून घरी आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं बे ताळीनं, म्हणजे दोन टाळ्यांच्या गरब्यानं, सुरुवात करा, तीन टाळ्यांची त्रण ताळी नंतर. नवरात्रात एक आड एक रात्र, आणि पहिल्या रात्री तासभरच. काकू, एक राउंड अजून, असं म्हणणाऱ्या पोरींना हसून हात करायचा आणि खुर्ची गाठायची. डाव्या दंडावर बाजूबंद नको, घट्ट बांगड्या नकोत, चोळीची बाही इलॅस्टिकची असेल तर शिंप्याकडून ती उसवून सैल करून घ्या. अनवाणी खेळायचा आपला रिवाज आहे, पण तळवे बधिर असतील तर मऊ तळाचे बूट घाला, देवी रागावत नाही. सकाळी उठल्यावर हात मोजा आणि उशीवर अर्धा तास उंच ठेवून पडा.

व्यायाम तिथल्या तिथं थांबवून दवाखाना गाठायचा तो कशासाठी, तेही लिहून ठेवते. छातीत दाब, जिना चढताना पूर्वी लागत नव्हती तशी धाप, चक्कर. हात लाल, गरम आणि सोबत थंडी वाजून ताप, हे झालं तर रात्र काढू नका, त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. आणि पाठीत, कमरेत किंवा बरगडीत नवं दुखणं, जे रात्री झोपेतून उठवतं आणि दोन आठवड्यांत जात नाही. ते व्यायामाचंच असेल असं स्वतःच ठरवू नका.

पावागड पुढच्या चैत्रात चढा, तोवर पळणं अर्ध्या तासावर आलेलं असेल आणि चढ अंगावर येणार नाही. जत्रेच्या गर्दीत जाऊ नका, धक्काबुक्कीत डावी बाजू सांभाळता येत नाही. आडदिवशी, पहाटे, माचीपासून. पाठीवरची पिशवी दोन्ही खांद्यांवर, पट्टा रुंद, आत पाणी आणि एक टॉवेल, नारळाची पिशवी यजमानांच्या हातात. आणि उतरताना उडन खटोला, म्हणजे रोपवे, घ्या. चढणं दमाचं काम आहे, उतरणं गुडघ्यांचं, आणि लेट्रोझोलवरचे गुडघे त्या पायऱ्यांवरून खाली येताना फार कुरकुरतात.